क्षुद्ररोग: मुरुमांवरच्या उपचारांची गोष्ट

ज्यांना एसटीत हेडफोन नसतो किंवा नेट पुरत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना जे घसरलं ते थोडं सरळ केलंय, बाकी तसंच आहे.

मुरूम हा शब्द आपल्या बुलढाण्यात दोन ठिकाणी ऐकू येतो. एक ग्रामपंचायतीच्या कामात. पाणंद रस्त्यावर दोन ट्रॉली मुरूम टाकला, बिल पाच ट्रॉलींचं निघालं, वगैरे. आणि दुसरा तोंडावर. पुस्तकात त्याला तारुण्यपीटिका म्हणतात, आजी पुटकुळ्या म्हणते, आपण पिंपल्स म्हणतो. आज विषय दुसऱ्या मुरुमाचा. त्यातही दोन दिवसांत येऊन जाणाऱ्या एखाद्या पुटकुळीचा नाही. नववीत सुरू झाले, बारावी झाली, इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष आलं आणि अजून गालावर गाठी आहेत, जुन्या जागी खड्डे पडलेत, अशा हट्टी मुरुमांचा.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो: नेमकं लावू काय? हळद, मेडिकलमधली ट्यूब, जेल, गोळ्या, का ती एक कॅप्सूल जिच्याबद्दल सगळे घाबरवतात? यातली प्रत्येक गोष्ट कुठल्यातरी काळात कुणीतरी शोधली, कुणावर तरी वापरून पाहिली, आणि तिची किंमत कुणीतरी मोजली. ते माहीत असलं की निवडणं थोडं सोपं जातं. म्हणून इतिहास.

सुरुवात आपल्याकडूनच करू. सुश्रुतसंहितेत हा आजार आहे. नाव आहे मुखदूषिका, म्हणजे तोंड खराब करणारी. वर्णन एका ओळीचं, पण असं नेमकं की वाचून हसू येतं: तरुणांच्या तोंडावर शाल्मलीच्या काट्यांसारख्या येणाऱ्या पुळ्या. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. जळगाव जामोदच्या वर सातपुड्याकडे गेलात तर फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल फुलांनी पेटलेली दिसते. तिच्या कोवळ्या खोडाला हात लावून बघा. काटा बाभळीसारखा सुईचा नसतो. बुडाशी रुंद, वर टोकदार, खोडातूनच फुगून आल्यासारखा. गालावरची कडक गाठ तशीच असते. ज्याने ही उपमा दिली त्याने झाडही जवळून बघितलं होतं आणि पोरंही.

दोन गोष्टी तेव्हाच कळल्या होत्या. एक, हे तरुणांना होतं, म्हणजे वयाशी संबंध आहे. दोन, कारण आतलं आहे. त्यांच्या भाषेत कफ, वात आणि रक्त. उपचार सांगितलेत ते वमन, म्हणजे औषध देऊन उलटी करवणं, आणि लेप. लेपात वेखंड, लोध्र, सैंधव, मोहरी. किंवा धने, वेखंड, लोध्र, कोष्ठ. अर्धं सामान तर फोडणीच्या डब्यातलंच.

पण मला त्या ग्रंथात सगळ्यात जास्त टोचलं ते प्रकरणाचं नाव. मुखदूषिका ज्या यादीत येते ती यादी आहे क्षुद्ररोगांची. क्षुद्र, म्हणजे किरकोळ. जीव जात नाही ना, मग किरकोळ. आज तुमच्या घरी वडील जे म्हणतात, "वय झालं की जातात, त्यात काय डॉक्टरकडे जायचं", ते वाक्य किमान दीड-दोन हजार वर्षं जुनं आहे असं समजा.

लेपातून हळदीकडे यायला वेळ लागत नाही. आमच्या वऱ्हाडात कुठल्याही आजीला विचारा, "तोंडाले हळद लाव, बेसन लाव" हे तयार असतं. याच हळदीवर महाराष्ट्रात एक मोठा उद्योग उभा राहिला. मूळचे नागपूरकडचे केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली मुंबईत विको सुरू केली. आधी दातांची पावडर आणि पुढे हळद आणि चंदनतेलाची क्रीम. टीव्हीवरची जाहिरात तुमच्या आईवडिलांना आजही पाठ असेल. पण मजा जाहिरातीत नव्हती, कोर्टात होती. अबकारी खात्याचं म्हणणं, ही क्रीम सौंदर्यप्रसाधन आहे, त्या दराने कर भरा. कंपनीचं म्हणणं, हे आयुर्वेदिक औषध आहे. वाद वर्षानुवर्षं चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि कंपनी जिंकली.

हा किस्सा मी का सांगतोय? कारण तोंडाला लावायची वस्तू औषध आहे का प्रसाधन, हा प्रश्न आपल्या देशात शेवटी कराच्या दरावरून विचारला गेला. ती लावल्याने हट्टी मुरूम जातात का, हा प्रश्न वेगळा होता, आणि तो कोर्टाला कुणी विचारलाच नव्हता. माझं मत विचाराल तर हळद-बेसनाने बहुतेकांचं नुकसान होत नाही. बारीकसारीक पुरळ असेल तर लावा, आजीही खूश. लिंबू आणि टूथपेस्ट मात्र नको, त्याने कातडी भाजते. आणि आत खोलवर गाठ असेल तर वरून लावलेला कुठलाच लेप तिथे पोचत नाही.

आता साबण. इथे आपल्या जिल्ह्याचा खरा इतिहास आहे. लोणारचं सरोवर सगळ्यांना उल्कापातामुळे आणि २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं त्यामुळे माहीत आहे. पण अकबराच्या काळातल्या ऐन-ए-अकबरीत लोणारचा उल्लेख येतो तो काच आणि साबण बनवायच्या सामानासाठी. सरोवराच्या काठावर सुकणारा खार गोळा होऊन विकला जायचा. पाणी इतकं अल्कधर्मी की पीएच १० च्या आसपास. आणि आपल्या कातडीचा पीएच? साडेचार ते साडेपाच. म्हणजे कातडी जराशी आंबट असते, आणि तशीच राहिली तर तिचं वरचं संरक्षक अस्तर टिकतं. साधा अंगाचा साबणही नऊ-दहाच्या घरात असतो. त्यामुळे "तेलकट चेहरा आहे ना, दिवसातून पाच वेळा साबणाने धू" हा सल्ला म्हणजे दिवसातून पाच वेळा चेहरा छोट्या लोणारात बुडवणं. दोनदा सौम्य फेसवॉश पुरे. आणि ते काळे ठिपके असतात ना, ब्लॅकहेड, त्यांचा काळा रंग घाणीचा नसतो. छिद्रात अडकलेल्या तेलाला आणि मेलेल्या पेशींना हवा लागते, आणि त्यातलं रंगद्रव्य काळं पडतं. घासून जाईल अशी ती गोष्टच नाही.

पाण्याचं निघालंच आहे तर शेगावचं बोलून घेऊ. आपला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदचा भाग, तिथे कातडीचं काहीही झालं की बोट पहिलं पाण्याकडे जातं. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड अशा गावांमध्ये लोकांचे केस अचानक गळायला लागले. आधी खाज, मग हाताला येणारे केसांचे पुंजके, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. पहिला संशय अर्थातच पाण्यावर. मग कुणी म्हणे शाम्पू, कुणी म्हणे बुरशी. आयसीएमआरची पथकं आली. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी, तेच विंचूदंशावरच्या संशोधनाचे, रुग्णांचं रक्त, लघवी, केस आणि गहू तपासून सांगितलं की रेशनच्या गव्हात सेलेनियम प्रचंड आहे. मुली कॉलेजला जाईनात, ठरलेली लग्नं अडकली, अशा बातम्या आल्या. क्षुद्ररोग!

ते प्रकरण मुरुमांचं नाही, मान्य. पण त्यातून एक शिकण्यासारखं आहे. कातडीवर दिसणाऱ्या गोष्टीचं कारण दिसतं तिथेच असेल असं नसतं. आमच्या कामात याला रूट कॉज म्हणतात. स्क्रीनवर एरर दिसते, बिघाड तीन थर खाली असतो.

मुरुमांचे थर असे आहेत. वयात येताना अँड्रोजन हार्मोन वाढतात, मुलांमध्ये आणि मुलींमध्येही. त्याने कातडीतल्या तेलग्रंथी जास्त तेल सोडतात. केसाच्या मुळाशी असलेल्या नळीचं तोंड पेशींनी बुजतं. आत तुंबलेल्या तेलावर जिवाणू वाढतात. जर्मन त्वचातज्ज्ञ उन्ना यांना ते १८९६ मध्येच दिसले होते. आज त्यांचं नाव क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस. मग शरीर सूज आणून लढतं, आणि ती सूज खोल गेली की खड्डा राहतो. तेल, बूच, जिवाणू, सूज. हे चार लक्षात ठेवा, कारण पुढचं प्रत्येक औषध यातल्या कुठल्या थरावर काम करतं हेच बघायचं आहे. आणि एक महत्त्वाचं: आज गालावर दिसणाऱ्या मुरुमाचं बूच साधारण दोन महिन्यांपूर्वी बसायला लागलेलं असतं. म्हणून कुठलंही खरं औषध दोन-तीन महिन्यांच्या आधी निकाल देत नाही. तीन दिवसांत जे काम करतं त्याच्यावर संशय घ्यायचा. का, ते पुढे येतंच.

विसाव्या शतकात काय काय केलं बघा. गंधक तर जुनंच होतं. १८९५ मध्ये राँटजेनला एक्स-रे सापडले, आणि थोड्याच वर्षांत डॉक्टर ते मुरुमांवर मारायला लागले. काम व्हायचं, कारण किरणांनी तेलग्रंथी आक्रसतात. अमेरिकेत शाळकरी पोरांच्या चेहऱ्यावर एक्स-रे देण्याची पद्धत शतकाच्या मध्यापर्यंत चालली. पुढे त्यातल्या काहींना थायरॉइडचे कर्करोग निघाले. चेहऱ्याच्या खालीच तर गळा असतो.

आणि मग येतो या गोष्टीतला मुख्य माणूस, अल्बर्ट क्लिगमन. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला त्वचातज्ज्ञ. फिलाडेल्फियात होम्सबर्ग नावाचा तुरुंग होता. १९५१ ते १९७४ या काळात क्लिगमनने तिथल्या कैद्यांच्या कातडीवर प्रयोग केले. बहुतेक कैदी काळे, गरीब. कित्येकांचा खटलाही अजून चालायचा होता. मोबदला काही डॉलर. सौंदर्यप्रसाधनांपासून डायॉक्सिनसारख्या विषापर्यंत काय काय त्यांच्या पाठीवर लावलं गेलं. ॲलन हॉर्नब्लम यांनी १९९८ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

त्याच तुरुंगाच्या काळातून आपल्या दोन ओळखीच्या गोष्टी आल्या. पहिली, "चॉकलेटने पिंपल होत नाहीत" हे वाक्य. १९६९ मध्ये क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी ६५ जणांवर अभ्यास केला. ३० मुरुमांच्या दवाखान्यातले किशोरवयीन आणि ३५ कैदी. काहींना चॉकलेटचा बार, काहींना बिनचॉकलेटचा. चार आठवड्यांनी निष्कर्ष: फरक नाही. पण बिनचॉकलेटच्या बारमध्येही साखर आणि स्निग्धांश जवळपास तेवढाच होता, आणि पैसे चॉकलेट उत्पादकांच्या संघटनेचे होते. म्हणजे दोन्ही बाजूंना साखर, वर मुदत चार आठवडे, जेव्हा बूच बसायलाच आठ लागतात. टेस्ट केसच चुकीची. तरी हे वाक्य पुढची तीन-चार दशकं डॉक्टरांच्या तोंडी राहिलं. नंतर २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात तरुण मुलांवर नीट तुलना करून पाहिली तेव्हा कमी साखर-मैद्याच्या आहाराने मुरूम कमी झालेले दिसले. म्हणून कोल्ड्रिंक, बिस्किट, मैदा कमी करायला हरकत नाही. फक्त तेवढ्याने हट्टी मुरूम जातील अशी आशा नको, आणि घरच्यांनीही "तूच चरबट खातोस" असं म्हणून सगळा दोष पोराच्या ताटावर ढकलू नये.

दुसरी गोष्ट खरंच मोलाची होती. ट्रेटिनॉइन, व्हिटॅमिन ए पासून बनलेलं आम्ल. ते बूच सोडवतं. १९७१ मध्ये अमेरिकेत ते रेटिन-ए नावाने मंजूर झालं. आज रात्री लावायला मिळणारं ॲडापालीन हे त्याच घराण्यातलं, थोडं सौम्य. मुरुमांच्या उपचाराचा आजही पाया हाच आहे. म्हणजे जे जेल आपण मेडिकलमधून सहज आणतो त्याच्या मागे त्या पाठी आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने २०२१ मध्ये आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये माफी मागितली. क्लिगमन २०१० मध्येच वारला होता.

क्लिगमनला इथेच सोडू नका, तो आपल्या जिल्ह्यात परत येणार आहे.

मधल्या काळात जिवाणूंवर काम झालं. १९५० च्या दशकापासून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या, नंतर लावायला एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिन. १९७९ मध्येच अहवाल आला की जिवाणू या लावायच्या अँटिबायोटिकांना दाद देईनासे झालेत. म्हणून आज नियम असा की नुसतं क्लिंडामायसिन जेल महिनोन्‌महिने लावायचं नाही. सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड हवं. हे पेरॉक्साइड मुळात पीठ पांढरं करायला वापरायचे. ते जिवाणूंना ऑक्सिजनने मारतं, त्यामुळे त्यांना त्याच्याविरुद्ध सवय लावून घेता येत नाही. स्वस्त आहे, जुनं आहे, काम करतं. फक्त ते आजही ब्लीचच आहे. उशीचा अभ्रा आणि टॉवेल पांढरे वापरा, नाहीतर आई ओरडेल. गोळ्यांचं, म्हणजे डॉक्सिसायक्लिन वगैरेचं, तसंच: डॉक्टर देतात ते साधारण तीन महिन्यांसाठी, वर्षभरासाठी नाही.

आणि मग आइसोट्रेटिनॉइन, ती घाबरवणारी कॅप्सूल. हॉफमन-ला रोश कंपनीकडे ती आधीपासून होती, पण उपयोग कळला उशिरा. १९७९ मध्ये गॅरी पेक यांनी अगदी वाईट, गाठींच्या मुरुमांचे १४ रुग्ण घेतले. इतर सगळे उपचार करून थकलेले. १४ पैकी १३ जणांचे मुरूम पूर्ण गेले, आणि औषध थांबवल्यावरही बराच काळ परत आले नाहीत. असं याआधी कशानेच झालं नव्हतं, कारण ही कॅप्सूल चारही थरांवर काम करते. तेलग्रंथीच लहान होतात. १९८२ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, आणि १९८३ पासूनच बातम्या सुरू झाल्या: गरोदरपणात घेतलेल्या बायकांची बाळं गंभीर व्यंगं घेऊन जन्मली. मेंदू, हृदय, कान. हा धोका एवढा पक्का आहे की २००६ पासून तिथे डॉक्टर, दुकानदार आणि रुग्ण अशा सगळ्यांची नोंद केल्याशिवाय औषध मिळत नाही.

मुलींनी हे नीट ऐका, आणि मुलग्यांनीही, कारण घरी बहिणीला सांगायला कुणीतरी लागतं. ही कॅप्सूल घेताना आणि नंतर किमान एक महिना गरोदर राहायचं नाही, म्हणजे नाहीच. आपल्याकडे पोरीचं लग्न ठरतं, "महिनाभरात चेहरा साफ करून द्या" असं सांगितलं जातं, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून घरात गोड बातमीची वाट बघितली जाते. या दोन गोष्टी या औषधासोबत एकत्र चालत नाहीत. डॉक्टरांना लग्नाची तारीख सांगायला लाजू नका.

बाकी परिणाम: ओठ फुटतात, डोळे आणि नाक कोरडं पडतं, हे जवळपास सगळ्यांना. यकृत आणि चरबीची रक्ततपासणी करावी लागते. मनःस्थिती बिघडते का, यावर अजून वाद आहे. झोप उडाली, उदास वाटायला लागलं तर लगेच सांगायचं. वजनावर डोस ठरतो, साधारण पाच-सहा महिने. मी यात डॉक्टर नाही, पण भीतीचा हिशेब मला उलटा वाटतो. ज्या औषधाचे धोके लिहिलेले, मोजलेले आणि तपासता येणारे आहेत त्याला आपण घाबरतो, आणि ज्याचे धोके कुणी सांगतच नाही ते मेडिकलमधून पुडीसारखं आणतो.

तर क्लिगमन परत आला. १९७५ मध्ये त्याने आणि विलिस यांनी चेहऱ्यावरच्या काळ्या डागांसाठी तीन औषधांचं मिश्रण सुचवलं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. डागांसाठी, ठरावीक मुदतीत, डॉक्टरच्या नजरेखाली. योगायोग बघा, भारतात फेअर अँड लव्हली आली तेही १९७५ साल. पुढे भारतीय कंपन्यांनी त्या तिहेरी सूत्रात मोमेटासोन नावाचं जोरकस स्टेरॉइड घातलं, ट्यूब बाजारात आली, आणि गोरं करणारी क्रीम म्हणून तिचा बोलबाला झाला. डाग असो, मुरूम असो, नायटा असो, काउंटरवरून तीच.

माझ्या मामेबहिणीची गोष्ट इथली. मेहकरकडच्या गावात राहते. अकरावीत असताना मुरूम होते, मध्यम. तालुक्याच्या एका मेडिकलमधून ट्यूब आणली. चार दिवसांत चेहरा असा चकचकीत की वर्गातल्या मुलींनी नाव विचारून घेतलं. स्टेरॉइड सूज दाबतं आणि रक्तवाहिन्या आकुंचन पावतात म्हणून कातडी गोरी दिसते, एवढंच. तेल तिथेच, बूच तिथेच. पाचव्या महिन्यात ट्यूब संपली, आणि आठवड्यात चेहरा लालभडक. आग, खाज, आधीच्या दुप्पट पुटकुळ्या, गालावर बारीक लव. परत ट्यूब लावली, परत शांत. हे चक्र दीड वर्ष चाललं. उन्हात कापूस वेचायला जाता येईना. तिची आई म्हणायची, "काहून लावू नको म्हणता, लावलं की तर बरं वाटते तिले." आणि ते खरंच होतं, हाच तर त्यातला सापळा.

अशी ती एकटी नाही. २०११ मध्ये भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी अनेक शहरांतल्या दवाखान्यांत मिळून एक पाहणी केली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले. त्यातले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्यांच्यातल्या जवळपास ६० टक्के लोकांना ते डॉक्टरने दिलेलंच नव्हतं. सगळ्यात जास्त दिसलेला दुष्परिणाम कोणता? मुरूम, नवे आलेले किंवा वाढलेले, ५२ टक्क्यांत. आणि जास्त जोरकस स्टेरॉइड वापरणारे कुठले, तर खेड्यातले आणि शहराच्या कडेचे. म्हणजे आपण.

कायदा का आड आला नाही? स्टेरॉइड शेड्यूल एचमध्ये होतीच, पण अंगाला लावायच्या मलमांना सूट होती. त्वचातज्ज्ञांच्या संघटनेने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा मार्च २०१८ मध्ये केंद्राने १४ स्टेरॉइडांच्या मलमांची सूट काढली. आता चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कागदावर.

मामेबहिणीला शेवटी अकोल्याला नेलं. आपल्याकडे त्वचेचा डॉक्टर म्हणजे खामगाव, बुलढाणा नाहीतर अकोला. गावातून पहाटेची एसटी, तिथे नंबर, आणि दिवसाची मजुरी बुडते ती वेगळी. काउंटरवरची ट्यूब जिंकते ती इथे. तो काही अडाणीपणा नाही, साधा हिशेब आहे. पण तिचे त्या दीड वर्षात ट्यूबांवर जेवढे पैसे गेले तेवढ्यात चार फेऱ्या झाल्या असत्या. तिथल्या डॉक्टरांनी आधी स्टेरॉइड हळूहळू सोडवलं, एकदम नाही, आणि मग मुरुमांचा उपचार सुरू केला. आठ महिने लागले. गालावरच्या बारीक लाल शिरा अजून आहेत.

मग तुम्ही कुठून सुरू करायचं? बारीक, वरवरचे असतील तर बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि ॲडापालीन, एकदा तरी डॉक्टरला विचारून, आणि तीन महिने न चुकता. एकाच वेळी चार गोष्टी सुरू करू नका. काय लागू पडलं आणि कशाने आग झाली ते कळतच नाही. लाल, दुखरे असतील तर त्यात काही आठवड्यांच्या गोळ्या. मुलींना पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील तर ते आधी सांगा, कारण हार्मोनचा धागा तिथे असू शकतो. गाठी असतील, खड्डे पडायला लागले असतील, तर थांबत बसू नका. खड्डा पडला की तो भरायला लेसर वगैरे लागतं, आणि तरी पूर्ण भरत नाही. अमेरिकन त्वचातज्ज्ञांच्या अकादमीने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत आणखी एक गोष्ट लिहिली आहे: मुरूम दिसायला कमी असले तरी ज्याच्या मनावर त्यांचा भार मोठा आहे, जो फोटो टाळतो, कॉलेज टाळतो, त्यालाही आइसोट्रेटिनॉइनसाठी पात्र समजावं. क्षुद्ररोगाच्या यादीतून नाव काढायला एवढी वर्षं लागली.

आता एक काम. घरात जी ट्यूब आहे ती घ्या आणि मागची बारीक अक्षरं फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून वाचा. पुढचं चमचमीत नाव नाही, मागचं. बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, क्लोबेटासॉल, बेक्लोमेथासोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. बरेच महिने लावत असाल तर आज रात्री फेकून देऊ नका, ट्यूब पिशवीत टाका आणि तीच घेऊन डॉक्टरकडे जा. आणि वर्गातल्या ज्या मैत्रिणीने नाव विचारून घेतलं होतं, तिलाही फोन करा.